दाबलं की सुटतं

१

“साहेब, मी माझ्या वडिलांना मारलंय. हातानं नाही, माझ्या लॅचनं. मला घेऊन जा.”

फोनवरची बाई रडत नव्हती, म्हणून मी स्वतः निघालो. रडणाऱ्यांचे फोन रोज येतात, त्यांना हवालदार पुरतो.

केडगावात पुणे रस्त्यापासून जरा आत, खाली प्लास्टिकचं वर्कशॉप आणि वर राहतं घर. जिन्याशी चपलांचा ढीग पडला होता, वर बायकांनी गळा काढला होता आणि खाली मोल्डिंग मशीन खडाखडा चालूच होतं. बाप वर थंड पडलाय आणि खाली माल निघतोय! मी इन्स्पेक्टर आहे, संत नव्हे. माझं डोकं पहिल्याच पायरीवर फिरलं.

पलंगावर भागवत होते, सगळ्यांचे तात्या. नगरच्या एमआयडीसीत डाय बनवणारा माणूस म्हणून एकेकाळी त्यांचा दरारा होता. डाय म्हणजे लोखंडी साचा, त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून वस्तू काढतात. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, डाव्या हाताची बोटं गेली. हलत होती ती फक्त मान आणि डावं कोपर. ते कोपर आता वांग्यासारखं काळंनिळं झालं होतं.

फोन करणारी त्यांची मुलगी राजेश्वरी. चाळिशीची, एकटी, शहरात खोली घेऊन राहणारी, दिवसा वर्कशॉपमध्ये लॅचची डिझाइनं करणारी. तिनं मला उशाशी भिंतीला लावलेली पांढरी पेटी दाखवली. वीतभर उंच, तळहाताएवढी खोल. दार बंद होतं.

“हे दार आत दाबलं की आकडा सुटतो आणि दार बाहेर उडतं,” ती म्हणाली. “परत दाबलं की अडकतं. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. प्लास्टिकचीच एक पातळ जीभ वाकते आणि सरळ होते. तात्यांना कोपरानं उघडता यावं म्हणून मी केला होता. आत छातीची गोळी असते, ओठांनी उचलता येईल अशी. दोन वर्षं चालला. काल रात्री अडकला, साहेब. त्यांनी किती आपटलं असेल ते कोपरावर दिसतंय.”

तिचा आवाज सपाट होता. माझ्यापेक्षा स्वतःलाच ती आरोपपत्र वाचून दाखवत होती.

मी पुढं झालो आणि दार एका बोटानं दाबलं.

टक्. दार अलगद उघडलं. आत गोळी जशीच्या तशी होती.

मी लावलं, पुन्हा दाबलं, पुन्हा लावलं. दरवेळी टक्. लॅच ठणठणीत होता. मग हा माणूस रात्री कशावर कोपर आपटत होता?

२

“कधी लागतो, कधी न्हाई लागत,” मुलगा महेंद्र म्हणाला. “प्लास्टिकचं कसंय साहेब, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. मी आधीच म्हणलो हुतो, साधी कडी लावा. पन आमची राजी शिकलेली ना!”

आंघोळ झालेली, केस विंचरलेले, हातात मोबाईल. वडील गेल्याचं दुःख त्याला झालं असेलही, पण तोंडावर दिसत होती ती सुटका. कारण लवकरच कळलं. हॉस्पिटलचे पलंग बनवणारी पुण्याकडची एक कंपनी राजेश्वरीचा हा लॅच घेणार होती. लॅच तिचा, करार तिच्या नावानं, आणि तात्यांनी मान हलवून डायही तिला द्यायला सांगितलेली. महेंद्र स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये बहिणीचा मुकादम होणार होता.

“आता कंपनीवाले कशाला घेतील?” तो म्हणाला. “बापाचा जीव घेनारा लॅच!”

हे वाक्य सकाळपासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ऐकवलं होतं. जिन्यावर दोन म्हाताऱ्या तेच बोलत उतरताना मी ऐकल्या होत्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण मढं उचलायच्या आत सुरू करणारा हा पहिलाच.

“रात्री काही ऐकलंत?”

“मी पुढच्या खोलीत झोपतो. पंखा, टीव्ही चालू असतो. तात्यांच्या खोलीला लागून सैपाकघर हाय, तिथं ही झोपते. तिनं ऐकलं असंल तर तिला इचारा.”

“आणि खाली मशीन का चालू आहे?”

“बंद केलं तर तापलेल्या बॅरलमध्ये माल जळतो,” तो शांतपणे म्हणाला. “तात्यांनीच शिकवलंय.”

त्याच्या दोन मुलींना शेजारणीनं नेलं होतं. निदान एवढी माणुसकी त्या गल्लीत होती. महेंद्रला बेड्या घालाव्यात असं मला मनापासून वाटलं, पण उर्मट असणं हा अजून गुन्हा झालेला नाही.

३

मशीनवर अजिनाथ होता, पाथर्डीकडचा, पंधराएक वर्षं इथंच काम करणारा. साचा उघडला की चिंचेच्या डहाळीला चिंचा लागाव्यात तसे लॅचचे तुकडे बाहेर पडत. मधे एक जाड कांडी, तिला फाटे, फाट्यांना आकडे.

“मालक कसे होते?” मी विचारलं.

तो हसला. ते हसू मला आवडलं नाही.

“खराब पीस निघाला का त्यो जिभंवर ठिवून उभं करायचे. गरम असला तरी. समद्यांच्या म्होरं, सुट्टी हुईस्तोवर. आन् कांडी जर कुनी फेकली तर कानाखाली. ह्या घरात प्लास्टिकचा कन बी वाया जात न्हाई साहेब. समदं दळायचं आन् परत वापरायचं. ज्याचा रंग त्याच्यात. रंग मिसळला का परत कानाखाली.”

“म्हणजे राग होताच तुम्हाला.”

“लकवा मारला तवा आमी पेढं न्हाई वाटलं, एवढंच.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पलंगाला खिळलेला हा माणूस अजून या लोकांच्या बोलण्यातून दरडावत होता. रात्री अजिनाथ घरी गेला होता, पण जिन्याला कुलूप नसतं हे त्यानंच सांगितलं. हात जोडून म्हणाला, “आज दिसच वंगाळ हाय. मालक गेलं, आन् पांढऱ्या मालात तांबड्या रेघा उठल्या. अर्धा माल बाद.”

मी त्या पेढ्यांचा विचार करत होतो. रेघांकडे माझं लक्षच गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

४

सून जयमाला स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. माहेर श्रीगोंद्याचं. तिच्या बाजूला लॅचच्या डहाळ्यांचं पोतं. वर्कशॉपमधला माल वर तिच्याकडे यायचा. ती तुकडे तोडायची, आकडा त्याच्या खोबणीत बसवायची, प्रत्येक लॅच अंगठ्यानं एकदा दाबून बघायची. उरलेल्या कांड्या घमेल्यात घालून सकाळी खाली. हे तात्यांचं जेवण, अंग पुसणं, कूस बदलणं सांभाळून.

“रात्री काही ऐकलं?”

“न्हाई. डोळा लागला हुता.”

“भिंतीपलीकडे माणूस दार बडवतोय आणि तुम्हाला ऐकू आलं नाही?”

ती उत्तर द्यायला लागली आणि वाक्याच्या मधेच थांबली. मला वाटलं, रडू आलं. खाली वाकून पाहिलं तर बाई बसल्याजागी झोपली होती. पोलिसाच्या प्रश्नाला लोक खोकतात, पाणी मागतात, बेशुद्ध पडल्याचं सोंग करतात. झोपलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

दारात उभी असलेली राजेश्वरी म्हणाली, “वहिनीनं फार केलं तात्यांचं. मी रात्री इथं नसते, सगळं तिच्यावरच. पेटी बसवल्यापासून तात्या तरी खूश होते. दिवसा मी खाली काम करायची तर वरून टक्, टक् ऐकू यायचं. तेवढं एकच त्यांना स्वतःच्या स्वतः करता येत होतं.”

तेव्हाच माझ्या मनात आलं की लॅचला दहा वेळा विचारून झालंय, पण पेटीला मी अजून काहीच विचारलेलं नाही.

५

तात्यांना तोवर हॉस्पिटलात नेलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की छातीची कळ आली आणि त्यात गेले. कोपराचा मार जिवंतपणीचा. गोळी तोंडात पडली असती तर वाचलेच असते असं ते छातीठोकपणे म्हणत नव्हते आणि नाकारतही नव्हते.

मी पेटीचं दार उघडून खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या बाजूला एक ठिपका होता, साबुदाण्याएवढा, दुधासारखा पांढरा. दार पांढरंच, पण हा ठिपका त्याहून पांढरा. जवळून पाहिलं तर एक नव्हे, एकावर एक उठलेले पुष्कळ.

“हे काय?” मी राजेश्वरीला विचारलं.

तिनं बोट फिरवलं आणि तिचा चेहरा बदलला. “या प्लास्टिकला मुका मार लागला की ते पांढरं पडतं. वळ उठतो तसं. पण हा आतून आहे.”

पेटीच्या पाठीवर, अगदी समोर, तसाच एक वळ होता. तो मोठा होता, जुन्या चवलीच्या नाण्याएवढा. म्हणजे दार आणि पाठ यांच्यामध्ये काहीतरी उभं होतं. कडक, गोल, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक. आणि घट्ट बसवलेलं, कारण इतक्या दणक्यांतही ते जागचं हललं नव्हतं.

“लॅच सुटायला दार किती आत जावं लागतं?”

“ज्वारीच्या दाण्याएवढं,” ती म्हणाली. “तेवढी फट मी मुद्दाम ठेवलीय. ती फट…” ती धावत खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मशीनमधून निघालेली एक कांडी होती. “ही एका बाजूला निमुळतीच करावी लागते, नाहीतर साच्यातून सुटत नाही.”

तिनं ती पेटीच्या मापाला तोडली, आत बसवली, नखानं जीभ वाकवून दार लावलं.

मी बोटानं दाबलं. काही नाही. मुठीनं. काही नाही. मग त्या रिकाम्या पलंगावर तात्यांच्या जागी आडवा झालो आणि डाव्या कोपरानं आपटायला लागलो. चौथ्या-पाचव्या दणक्याला माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. लॅच धडधाकट होता, सुटायला तयार होता आणि दार हलत नव्हतं.

उठलो तेव्हा राजेश्वरी पलंगाच्या कडेला खाली बसली होती आणि सकाळपासून पहिल्यांदा रडत होती.

“माझा लॅच अडकला नव्हता,” ती म्हणत होती. “साहेब, माझा लॅच नव्हता.”

“नव्हता. कुणीतरी कांडी लावली आणि सकाळी काढून घेतली. ती कांडी कुठं गेली ते आता बघू.”

६

कुठलाही शहाणा माणूस असली वस्तू खिडकीतून शेजारच्या बाभळीत फेकून देईल. पण या घरात कांडी फेकायची नसते, ती दळायची असते. चार थोबाडीत खाऊन अंगात मुरलेली सवय प्रेतासमोरही सुटत नाही. तेव्हा कुठं मला त्या रेघा आठवल्या.

अजिनाथनं बाद मालाचा टब पुढं ओढला. पांढऱ्या लॅचमध्ये बारीक तांबड्या शिरा उठल्या होत्या, अंड्यात रक्त दिसावं तशा.

“लाल माल केव्हा काढला?”

“काल. ताईंचा नमुना हुता, कंपनीला दावायचा. थोडाच काढला आन् समदा वर वहिनीकडं दिला, तोडायला.”

“त्याच्या कांड्या?”

“त्या येगळ्या पिशवीत. ती बगा, खिळ्याला. पन एक कांडी पांढऱ्याच्या घमेल्यात आली असनार. मी न बगताच दळली, चूक झाली.” त्याचा हात नकळत गालाकडं गेला. “वहिनीकडून असं कंदीच हुत न्हाई.”

“घमेलं कुणी आणून दिलं?”

“जिन्याच्या पायरीवर ठिवल्यालं असतं. मी उचललं, दळलं, मशीनला घातलं. आन् मग वरून वहिनीचं रडनं ऐकू आलं.”

“आधी घमेलं, मग रडणं?”

“व्हय. मशीन लागल्यावर रडनं.”

महेंद्र मागं येऊन उभा राहिला होता. तो पुढच्या खोलीत घोरत होता, लाल कांड्या त्याच्या हाती नव्हत्या, आणि वडिलांच्या मरणावर तो गिधाडासारखा उतरला असला तरी गिधाडं मारत नाहीत. हे त्यालाही माझ्याबरोबरच उमगलं असावं. त्याच्या विंचरलेल्या केसांखालून घाम वाहायला लागला.

७

जयमालाला मी जागं केलं. लाल रेघांचा लॅच तिच्या हातात ठेवला. तिनं सवयीनं अंगठ्यानं दाबून पाहिला.

“वहिनी,” राजेश्वरी म्हणाली, “का गं?”

जयमालानं नणंदेकडं पाहिलं नाही. बोलली ती माझ्याशी.

“मामा रातभर वाजवायचे. टक् करून उघडायचे, टक् करून लावायचे. मी उठायची, लाइट लावायची. काय पायजे मामा? काईच नको असायचं. व्हटाचा एक कोपरा वर जायचा, हसायचे. मी आडवी झाले का परत टक्. रोज, साहेब. पेटी लावल्यापून रोज. ह्यांना सांगितलं, तर म्हनाले, म्हातारं मानूस हाय, सहन कर. ताईंना काय सांगू? त्या तर म्हनायच्या, तात्या खूश हायेत.”

राजेश्वरीनं चौकट धरली.

“काल अंगात ताप हुता. म्हनलं, एक रात झोपते. कांडी बसवली. उजाडायच्या आत काढनार हुते. मला म्हाईत हाय ना, कुटं अडवलं का सुटत न्हाई. हजारो लॅच गेलेत ह्या अंगठ्याखालून.”

“आणि ते कोपर आपटायला लागले तेव्हा?”

“ऐकलं.”

“मग?”

“वाटलं, चिडलेत. म्हनलं, आपटू दे. एक डाव मला न उठवता आपटू दे. मग आपटणं थांबलं. मग मला झोप लागली. लई गाढ लागली, साहेब. सकाळी बगते तर…”

मला तिची दया आली. मेलेल्या माणसाचा राग यावा असं फार वेळा होत नाही, पण तात्यांचा आला. आणि तरी तो प्रश्न विचारायचा राहिला होता. नसता विचारला तर बरं झालं असतं.

“छातीत दुखत असेल, गोळी पाहिजे असेल, असं एकदाही मनात आलं नाही?”

जयमालानं हातातला लॅच पोत्यावर ठेवला.

“आलं हुतं,” जयमाला म्हणाली.

८

पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि टीव्ही बघून बघून महेंद्रलाही ठाऊक होतं. कांडी दळून गेली होती. वळ होते, रेघा होत्या, पण त्यांचा अर्थ कोर्टाला सांगू शकणारं माणूस एकच होतं.

महेंद्रनं बहिणीचा हात धरला. सकाळपासून तिला बापाची मारेकरीण म्हणत फिरणारा तो आता तिच्या पायाशी बसला होता.

“राजी, दोन पोरी हायेत. तू सांग, लॅच अडकतो कधीकधी. तुला कोन जेलात टाकतंय? यंत्रातली चूक. तू एकटी, तुझं काय अडलंय? हिचं घर वाचंल.”

“आणि माझा लॅच?”

“दुसरा कर की.”

राजेश्वरीनं हात सोडवून घेतला. तिनं जयमालाच्या वाकड्या झालेल्या अंगठ्याकडं पाहिलं. “तो आवाज मीच मोठा ठेवला होता,” ती म्हणाली. “जिभेची कड जरा गोल केली असती तर निम्मा झाला असता. तात्यांना आवडायचा म्हणून तशीच ठेवली.” मग मला म्हणाली, “माझा जबाब घ्या.”

मी कागद ओढला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. वळ, फट, कांडी, सगळं. शेवटचं वाक्य राहिलं होतं. समोर जयमाला गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली होती. कोर्टात संशयाचा फायदा मिळायला एक शब्द पुरतो. वकील अर्धा दिवस त्या शब्दावर उभा राहतो. मी लिहिलं, ‘घटनेच्या वेळी लॅच बहुधा सुस्थितीत होता.’

कागद राजेश्वरीपुढं ठेवला. तिनं पहिल्या ओळीपासून वाचला, घाई न करता. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तो शब्द मी का घातला ते तिला कळलं होतं, कारण तिनं मान वर करून आधी माझ्याकडं आणि मग वहिनीकडं पाहिलं. जयमालाही तिच्याकडंच बघत होती.

“बहुधा उघडणारा लॅच कुणी पलंगाला लावत नाही, साहेब,” राजेश्वरी म्हणाली. “हा शब्द खोडा.”

“राजी!” महेंद्र ओरडला.

“खोडा.”

मी तो शब्द खोडला, आणि तिनं सही केली.